विद्यापीठात फ्रेंच: पहिल्या उच्चारापासून फ्रेंचमधल्या निबंधापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत फ्रेंच कधीच नव्हतं. आता विद्यापीठात तोच मुख्य विषय घेऊन तीन वर्षांची पदवी करायची आहे. वर्गात काही जण आधी फ्रेंच शिकून आलेले असतील. शून्यापासून सुरुवात करून तिसऱ्या वर्षी साहित्याचे पेपर फ्रेंचमध्ये लिहिता येतील का? मधल्या काळात नेमकं काय करायचं? आणि डेल्फची, म्हणजे फ्रेंचच्या पातळीचं प्रमाणपत्र देणारी परीक्षा द्यायची तर कधी? मी अगदी पहिल्या सत्रालाही शिकवते आणि शेवटच्या वर्षालाही, त्यामुळे दोन्ही टोकं रोज समोर असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिहिता येतील. शून्यातून येऊन शेवटच्या वर्षी उत्तम लिहिणारी मुलं दरवर्षी दिसतात. पण त्याआधी तासांचा हिशेब समजून घ्या, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते.

भाषेच्या पातळ्यांची जी चौकट आज जगभर वापरतात, ती कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ साली प्रसिद्ध केली. ए-१, ए-२ म्हणजे प्राथमिक. बी-१, बी-२ म्हणजे स्वतःच्या बळावर भाषा वापरता येणं. सी-१, सी-२ म्हणजे प्रभुत्व. फ्रेंच शिकवणारे ढोबळमानानं असं धरतात की शून्यापासून ए-२ पुरं व्हायला शिकवण्याचे १५० ते २०० तास लागतात, बी-१ पर्यंत ३५० ते ४००, बी-२ पर्यंत ५५० ते ६५०, आणि सी-१ साठी ८०० च्या पुढे. आता विद्यापीठाकडे बघा. आठवड्याला ५ तास आणि १५ आठवड्यांचं सत्र धरलं, तर तीन वर्षांत ४५० तास होतात. तेही सगळे भाषेचे नसतात. इतिहास, संस्कृती, साहित्य यांचे तास त्यातूनच जातात. म्हणजे वर्गातले तास तुम्हाला जेमतेम बी-१ पर्यंत आणतात, आणि तिसऱ्या वर्षाचा पेपर मात्र बी-२ च्या विद्यार्थ्यासाठी काढलेला असतो. ही तफावत वर्गाबाहेर भरून काढायची असते. पहिल्या वर्षी तिची झळ लागत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ती एकदम अंगावर येते.

पहिलं वर्ष कानाचं आहे. फ्रेंच लिहितात खूप आणि उच्चारतात थोडं. ‘बोलणे’ या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्याबरोबरची रूपं लिहिताना तीन वेगळ्या प्रकारे संपतात, पण कानाला चारही ‘पार्ल’ अशीच ऐकू येतात. उलट कधी एका व्यंजनावर सगळा अर्थ अवलंबून असतो. ‘इल्-झों’ म्हणजे त्यांच्याजवळ आहे, ‘इल्-सों’ म्हणजे ते आहेत. पहिल्यातला झ ‘माझा’मधला, एरवी मुका असलेला शेवटचा एस पुढच्या स्वराला चिकटून तसा उच्चारला जातो. याला लिएझों म्हणतात. माझ्या वर्गात हा फरक लिहून दाखवला की सगळ्यांना कळतो, आणि ऐकवला की निम्मा वर्ग चुकतो. म्हणून माझा आग्रह दिक्तेचा, म्हणजे श्रुतलेखनाचा असतो. रोज दहा मिनिटं पुरतात. पुस्तकासोबतच्या ध्वनिफितीतली चार वाक्यं ऐकायची, लिहायची, मूळ मजकुराशी ताडायची आणि चुकलेल्या जागा पुन्हा ऐकायच्या. फ्रेंच शुद्धलेखन, क्रियापदांची रूपं आणि ऐकण्याची सवय या तिन्ही गोष्टी त्यातून एकदम होतात. हा जुना प्रकार आता काही वर्गांतून गेला आहे. तो तुम्ही घरी चालू ठेवा.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला एक सांगणं आहे: इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नका. फ्रेंच ‘टी’ हा आपला त आहे, ट नव्हे. प, त, क हे फ्रेंचमध्ये आपल्यासारखेच श्वास न सोडता येतात. आपल्या तोंडात हे वर्ण आयते आहेत, आणि तरी मुलं ‘टाब्ल’ म्हणतात, कारण रोमन लिपी दिसली की जीभ इंग्रजीच्या सवयीनं वळते. जे आयतं नाही त्यावर वेळ घालवा. ‘तू’ या अर्थाच्या शब्दातला स्वर घ्या. आरशासमोर लांब ई म्हणायची, जीभ तिथेच ठेवायची आणि ओठ मात्र उ म्हणताना करतो तसे गोल करायचे. जो आवाज येतो तो फ्रेंच यू. आठवडाभर विचित्र वाटेल, मग बसेल. अनुनासिक स्वरांचंही तसंच आहे. ‘बों’ म्हणताना शेवटी न किंवा म उमटू द्यायचा नाही. हवा नाकातून जायला हवी, पण जीभ टाळूला लागता कामा नये.

व्याकरणातही मराठीनं बरंच काम आधीच करून ठेवलं आहे, आणि याचा उपयोग फार थोडे विद्यार्थी करतात. निर्जीव वस्तूंना लिंग असतं, विशेषण त्याप्रमाणे बदलतं, हे आपल्याला नवं नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. भूतकाळाचं तर फारच सुंदर आहे. पासे कोंपोजे आणि अँपार्फे या दोन भूतकाळांतला फरक इंग्रजीतून शिकणाऱ्याला वर्षानुवर्षं छळतो. आपण ‘मी वाचलं’ आणि ‘मी वाचत होतो’, ‘मी वाचायचो’ हे रोज बोलताना वेगळं ठेवतो. झालेली, पुरी झालेली गोष्ट पासे कोंपोजेत. चालू असलेली, नेहमीची किंवा पार्श्वभूमीची गोष्ट अँपार्फेत. वाक्य आधी मनात मराठीत म्हणा, काळ बहुतेक वेळा बरोबर निवडला जाईल.

आणखी एक उदाहरण देते, कारण यावर वर्गात सगळ्यात जास्त गुण जातात. मराठीत ‘मी पत्र लिहिलं’ पण ‘मी चिठ्ठी लिहिली’. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही ‘आव्हुआर’ हे साहाय्यक क्रियापद असताना कृदंत कर्माप्रमाणे बदलतं, अट एवढीच की ते प्रत्यक्ष कर्म क्रियापदाच्या आधी आलेलं हवं. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात कृदंत नुसतं ‘एक्री’. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ असं म्हणायचं तर चिठ्ठी आधी येते आणि कृदंत ‘एक्रीत’ होतं, शेवटचा त ऐकू येतो. पुस्तकात हा नियम अर्धं पान खातो, आणि खुद्द फ्रेंच माणसंही त्यात चुकतात. मराठी कानाला मात्र त्यातलं तत्त्व परकं नाही. पुढे बी-१ ला सुब्जोंक्तिफ येईल तेव्हा ‘त्यानं यावं’, ‘तू जावंस’ हा आपला विध्यर्थ आठवा. दोन्हींचं क्षेत्र अगदी एक नाही, पण इच्छा, आवश्यकता, अपेक्षा व्यक्त करायला दोन्ही भाषा तिकडेच वळतात.

मराठी मदत करत नाही ती उपपदांच्या बाबतीत. नामाआधी ल, ला, अँ, यून, द्यु यांतलं काय लावायचं, हा प्रश्न शेवटच्या वर्षापर्यंत पाठ सोडत नाही, कारण आपल्याकडे तशी सोयच नाही. त्यावर एकच उपाय मला माहीत आहे: पहिल्या दिवसापासून नाम कधीही एकटं पाठ करायचं नाही. वहीत शब्द लिहायचा तो उपपदासकट. लिंगही त्याबरोबरच पाठ होतं.

आकड्यांवर वेगळा वेळ द्या. फ्रान्समध्ये ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९० म्हणजे चार-वीस-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० आणि ९० साठी सरळ ‘सेप्तांत’ आणि ‘नोनांत’ म्हणतात. वाचताना सोपं वाटतं, पण ऐकण्याच्या परीक्षेत कोणी भराभर दूरध्वनी क्रमांक सांगितला की हात थांबतो.

आधी शिकून आलेल्यांविषयी. फ्रेंच शिक्षक त्यांना ‘फो देब्युतां’ म्हणतात: वर्ग नवशिक्यांचा, पण पाटी पूर्ण कोरी नाही. पहिल्या सत्रात ते पुढे असतात हे खरं. पण त्यांच्यातले बरेच जण ते सत्र ‘हे तर येतंच’ म्हणत घालवतात आणि जुने चुकीचे उच्चार तसेच राहतात. दुसऱ्या सत्राअखेरीस हे अंतर बहुतेक मिटलेलं असतं. त्यांच्याशी तुलना करण्यात जाणारा वेळ दिक्तेला द्या.

आता मधला टप्पा, तिसरं आणि चौथं सत्र. यावर मी सगळ्यात जास्त जोर देते, कारण मुलं विषय सोडतात ती इथे. पहिल्या वर्षी रोज काहीतरी नवं येतं, प्रगती दिसते. दुसऱ्या वर्षी व्याकरणाचे मोठे विषय संपत येतात, पण एक पान वाचायला तास लागतो, बातम्या कळत नाहीत, लिहिलेलं बाळबोध वाटतं. भाषा पुढे जात नाही असं वाटू लागतं. ती जात असते, पण आता ती शब्दसंपत्तीच्या रूपानं वाढते, आणि ती वाढ मोजता येत नाही. या काळात पाठ्यपुस्तक पुरत नाही. भरपूर वाचन आणि भरपूर श्रवण, तेही जरा सोपं, एवढंच उपयोगी पडतं. आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचं सोप्या फ्रेंचमधलं वार्तापत्र आहे, साधारण दहा मिनिटांचं, लिखित मजकुरासह. तेव्ही-सँक-मोंद या फ्रेंच भाषेतल्या दूरचित्रवाहिनीच्या संकेतस्थळावर ए-१ ते बी-२ पर्यंतचे सराव फुकट आहेत. पहिल्यांदा मजकूर न बघता ऐकायचं, मग मजकूर वाचत ऐकायचं, मग पुन्हा न बघता. तिसऱ्या वेळी जे कळतं ते पहिल्या वेळी का नाही कळलं, याची टिपणं काढायची. बहुतेक वेळा शब्द माहीत असतो, पण लिएझोंमुळे ओळखू आलेला नसतो.

याच टप्प्यावर शब्दकोश बदला. फ्रेंच-इंग्रजी कोश बाजूला ठेवून फ्रेंच-फ्रेंच कोश उघडायला लागा. लारूसचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. सुरुवातीला अर्थाच्या व्याख्येतला एखादा शब्द अडेल, तोही बघावा लागेल. त्रास होतो, पण इंग्रजीच्या मध्यस्थीमुळे होणाऱ्या चुका थांबतात. ‘आक्त्युएलमां’ म्हणजे सध्या, आणि ‘एव्हांत्युएलमां’ म्हणजे जमल्यास, कदाचित. हे दोन शब्द इंग्रजीच्या अर्थानं वापरलेले मला दरवर्षी उत्तरपत्रिकांत सापडतात.

यंत्रभाषांतराबद्दल स्पष्टच लिहिते. पहिल्या दोन वर्षांत गृहपाठ मराठीत किंवा इंग्रजीत लिहून यंत्राकडून फ्रेंच करून घेतला, तर तो तास तुमच्या ४५० मधून वजा झाला असं समजा. आधी स्वतः लिहा, चुका होऊ द्या. मग यंत्राला विचारा, आणि प्रत्येक दुरुस्तीचं कारण स्वतःला सांगता येतं का ते बघा. ज्याचं कारण सांगता येत नाही ते शिक्षकांकडे घेऊन जा. असे प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी आम्हाला फार आवडतो.

साहित्याकडे जाण्याआधी एक अडथळा पार करावा लागतो: पासे सँप्ल. बोलण्यातून हा भूतकाळ गेला आहे, पण कथा-कादंबऱ्या त्यानं भरलेल्या आहेत. तो लिहिता आला नाही तरी चालेल, ओळखता आला पाहिजे. त्यातही तृतीयपुरुषी रूपंच सारखी भेटतात, तेवढी पक्की करा. आल्बेर काम्यूची १९४२ सालची ‘लेत्रांजे’ विद्यापीठांतून लवकर वाचायला देतात, त्याचं एक कारण हेच की तिचं निवेदन मुख्यतः पासे कोंपोजेत आहे. वाक्यंही छोटी आहेत. स्वतःहून पहिली अख्खी कादंबरी वाचायची तर हीच घ्या असं मी सुचवते. अभ्यासक्रमात फ्रान्सबाहेरचं लेखनही असेल: सेनेगल, अल्जीरिया, मार्तिनिक, क्वेबेक. सेनेगलचे कवी आणि पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेंघोर १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आले, आणि अल्जीरियाच्या आसिया जेबार २००५ मध्ये. हे पेपर पूरक समजून सोडू नका. फ्रेंच ही किती जणांची आणि किती तऱ्हांची भाषा आहे हे तिथे कळतं.

तिसऱ्या वर्षी खरी अडचण भाषेची नसते, लेखनपद्धतीची असते. ‘एक्स्प्लिकासिओं द तेक्स्त’ म्हणजे वीस-तीस ओळींचा उतारा देऊन त्याचं बारकाईनं विवेचन करायला सांगतात. यात विद्यार्थी सर्रास करतात ते असं: उताऱ्यात जे लिहिलंय तेच आपल्या शब्दांत पुन्हा सांगतात. त्याला गुण नाहीत. लेखकानं काय म्हटलं यापेक्षा ते कसं घडवलं हे विचारलेलं असतं. समजा उताऱ्यात असं आहे: दार उघडं होतं, दिवा जळत होता, कोणी बोलत नव्हतं, एवढ्यात पायरी वाजली. ‘लेखक घरातली शांतता वर्णन करतो आणि मग कोणीतरी येतं’ हे झालं पुनर्कथन. विवेचन असं सुरू होतं: पहिली तिन्ही क्रियापदं अँपार्फेत आहेत, कोणतीच क्रिया पुढे सरकत नाही, तिसरीत तर नकार आहे, मग पासे सँप्लमधलं एकच क्रियापद, तेही कर्त्या माणसाशिवाय, नुसत्या आवाजाचं. आलेला माणूस दिसण्याआधी भीती आली ती या काळबदलामुळे. पहिल्या वर्षी जो काळ तुम्ही तक्त्यात पाठ केला होता, तो इथे वाचण्याचं साधन होतो. व्याकरण कच्चं ठेवून साहित्य करता येत नाही, ते यासाठी.

‘दिसेर्तासिओं’ हा निबंध आपल्या नेहमीच्या निबंधापेक्षा बराच वेगळा. विषय म्हणून बहुधा एखादं विधान दिलेलं असतं. त्यातून आधी एक प्रश्न काढायचा, याला प्रोब्लेमातीक म्हणतात, आणि सगळा निबंध त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत जातो. प्रस्तावनेत विषयाकडे यायचं, त्यातले शब्द तपासायचे, प्रश्न मांडायचा, आराखडा सांगायचा. मग पहिल्या भागात विधानाची बाजू, दुसऱ्यात तिच्या मर्यादा, तिसऱ्यात दोन्हींच्या पलीकडे नेणारा विचार. तिसरा भाग सगळ्यात अवघड; ‘दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या’ असं लिहून तो भागत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते की दुसरा भाग लिहून झाला की पेन खाली ठेवा आणि विचारा, मूळ विधानात कोणता शब्द आपण तपासलाच नाही? तिसरा भाग बहुतेक वेळा त्या शब्दातून निघतो. परीक्षेत वेळेचा चौथा हिस्सा तरी कच्च्या आराखड्याला द्या. त्यात घातलेला वेळ पुढे लिहिताना वाचतो.

यात जोडशब्द नीट वापरता यायला हवेत. ‘सेर्त’नं समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं, म्हणजे पुढे ‘मे’, आपलं ‘पण’, येणारच. नुसतं ‘सेर्त’ लिहून सोडलं तर वाचणारा वाट बघत राहतो. ‘आनेफे’ आधीच्या विधानाला कारण किंवा पुरावा जोडतं. निष्कर्ष काढायला ते वापरायचं नाही. आणि ‘ऑर’ हा सगळ्यात उपयोगी: आधी जे गृहीत धरलं त्याला वळण देणारी नवी बाब तो आणतो. हे तीन नेमके जागेवर आले की उत्तरपत्रिका वाचतानाच वेगळी जाणवते.

भाषांतराच्या पेपरात फ्रेंचमधून आपल्या भाषेत येतं ते व्हेर्सिओं, आणि आपल्या भाषेतून फ्रेंचमध्ये जातं ते तेम. तेमची भीती सगळ्यांना असते, पण पदवीच्या शेवटी मी पाहते की व्हेर्सिओं कमी पडतं. फ्रेंच वाक्य समजलेलं असतं, आणि ते म्हणायला हातात आपली भाषा नसते. तीन वर्षं चांगलं मराठी गद्यही वाचत राहा.

बोलण्याचं एवढंच: वर्गात शिकलेलं फ्रेंच आणि कानावर पडणारं फ्रेंच यांत अंतर आहे. बोलताना नकारातलं ‘न’ गळतं, ‘आम्ही’साठी बहुतेक वेळा ‘ओं’ येतं, ‘मला माहीत नाही’चं नुसतं ‘शे पा’ होतं. हे ऐकून समजायला हवं. परीक्षेत बोलताना आणि लिहिताना पूर्ण रूपंच वापरा. आठवड्यातून एकदा कुठल्याही विषयावर तीन मिनिटं बोलून ते ध्वनिमुद्रित करा आणि स्वतः ऐका. नको वाटतं, पण कुठे अडखळतो ते दुसऱ्या कशानं इतकं स्पष्ट कळत नाही. फ्रान्स सरकार परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या शाळांत भाषा-सहायक म्हणूनही घेतं. तुमच्या देशाशी तसा करार असेल तर शेवटच्या वर्षी त्याची चौकशी जरूर करा. तिथल्या शाळेत काही महिने रोज बोलावं लागतं, त्याची बरोबरी दुसरा कुठलाच सराव करत नाही.

राहिला डेल्फचा प्रश्न. डेल्फ ए-१ ते बी-२ पर्यंत आणि डाल्फ सी-१, सी-२ साठी. दोन्ही पदविका फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या आणि कायमच्या वैध. डेल्फमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे यांना २५-२५ गुण, उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५०, आणि प्रत्येक विभागात किमान ५ लागतात. प्रत्येक पातळी द्यायलाच हवी असं नाही. ए-१, ए-२ चं शुल्क वाचवा. त्या पातळ्या तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा तपासतातच. पहिली द्यायची तर बी-१, चौथ्या सत्रानंतर, कारण मधल्या मरगळलेल्या काळात पुढे सरकल्याची खूण हवी असते. बी-२ पाचव्या सत्राच्या शेवटी द्या. तिथे एका तासात किमान २५० शब्दांचं, बाजू मांडणारं लेखन करावं लागतं, आणि तोंडी परीक्षेत अर्ध्या तासाच्या तयारीवर साधारण वीस मिनिटं आपलं मत मांडून त्याचा बचाव करावा लागतो. म्हणजे दिसेर्तासिओंची तयारी थेट कामी येते. सहाव्या सत्रात ती देऊ नका, तेव्हा विद्यापीठाच्या शेवटच्या पेपरांचा भार असतो आणि दोन्हीकडे ओढाताण होते. डाल्फ सी-१ पदवीनंतर, वर्षभर फ्रेंचमध्ये काम किंवा पुढचा अभ्यास करून मगच.